कुंडू ड्रमच्या कातड्यावरचे मेणाचे गोळे पुसताना निघाले, आता काय करू? आणि या वाद्याबद्दल कुणाला माहिती आहे का?

मुक्काम_केर्न्स

नमस्कार मंडळी. मी मूळची कोल्हापूरची, गेली सहा वर्षं ऑस्ट्रेलियात केर्न्सला नर्स आहे. आमच्या वॉर्डात पापुआ न्यू गिनीचे एक सिनियर सहकारी होते, ईस्ट सेपिक भागातले, मागच्या महिन्यात रिटायर होऊन गावी गेले. जायच्या आदल्या दिवशी घरी आले आणि कापडात गुंडाळलेला एक ड्रम माझ्या हातात ठेवला. म्हणाले कुंडू आहे, माझ्या वडिलांनी कोरलाय, तू माझ्या आजारपणात धावपळ केलीस म्हणून तुला. मला बोलायला काही सुचलंच नाही, नुसती पाया पडले.

ड्रम साधारण हातभर लांब, डमरूसारखा मधे निमुळता, पण एकाच बाजूला कातडं आहे, दुसरं तोंड उघडंच. धरायला कान आहे तो वेगळा जोडलेला नाही, त्याच लाकडातून कोरून काढलाय आणि त्यावर मगरीचं डोकं आहे, डोळ्याच्या जागी खाच, दात एकेक वेगळा. कातडं घोरपडीसारख्या मोठ्या सरड्याचं असावं, बारीक दाणे दिसतात. त्या कातड्याच्या बरोबर मधे हरभऱ्याएवढे काळपट गोळे चिकटवलेले होते, सात. आता चूक सांगते. मला वाटलं जुना डिंक किंवा घाण बसलीय, म्हणून ओल्या फडक्याने पुसलं आणि तीन गोळे निघून आले. ते मी टाकले नाहीत, डबीत ठेवलेत. पण तेव्हापासून आवाज गेलाय. आधी हात मारला की खोल घुमायचा आणि मागे शेपटीसारखा रेंगाळायचा, आता नुसतं थप होतं. इथे सध्या पावसाळा पण आहे, हवा ओली असते, त्यामुळे नक्की कशाने झालं कळत नाहीये.

तर माझे प्रश्न: ते गोळे काय असतात आणि परत लावता येतील का, आवाजासाठी काय करू, आणि मुख्य म्हणजे या वाद्याचा त्यांच्यात अर्थ काय आहे? माझा आठ वर्षांचा मुलगा रोज वाजवायला मागतो, त्याला द्यावं का? भिंतीला टांगलं तर चालेल का? त्या काकांना वाईट वाटेल असं मला काहीही करायचं नाहीये. डिसेंबरात कोल्हापूरला जाणार आहे, घरच्यांना दाखवायला न्यावं असंही मनात आहे.

---

लाए_रिटर्न

ताई, पहिलं म्हणजे घाबरू नका, ते गोळे परत लागतात, ते काढघाल करण्यासाठीच असतात. मी पापुआ न्यू गिनीतल्या लाए शहरात चार वर्षं बांधकामावर होतो, कामाच्या निमित्ताने हायलँडला, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागात पण भरपूर फिरलो, हे वाद्य रोज बघितलंय म्हटलं तरी चालेल.

ते मधमाशीचं मेण असतं, काही ठिकाणी झाडाचा चीक. त्यानेच ड्रम सुरात आणतात. हायलँडमधल्या गोरोका शहरात दर वर्षी सप्टेंबरात मोठा शो भरतो, १९५७ पासून चालू आहे, वेगवेगळ्या जमाती आपापल्या वेशात येऊन सिंगसिंग करतात म्हणजे गाणं नाच सगळं एकत्र. तिथे मैदानामागे एक म्हातारेबुवा बसलेले मला आठवतात, अंगाला डुकराची चरबी आणि कोळसा, डोक्यावर पिसांचा मुकुट अजून अर्धाच बांधलेला, आणि मांडीवर कुंडू. मेणाची गोळी बोटात फिरवून मऊ करायचे, कातड्यावर दाबायचे, मग मान वाकडी करून कान अगदी कातड्याजवळ नेऊन एका बोटाने टिचकी. परत गोळी उचलायची, नखभर मेण काढायचं, परत टिचकी. अर्धा तास हेच, आजूबाजूला इतका गलका होता पण त्यांना काही नाही. मग शेकोटीपाशी जाऊन कातडं धगीसमोर धरलं, जवळ नाही हां, लांबून, आणि फिरवत राहिले. आपल्याकडे हलगी तापवतात तसंच, तुम्ही कोल्हापूरच्या म्हणजे तुम्हाला हलगी तापवणं सांगायला नको. ओल्या हवेत कातडं सैल पडतंच, त्यामुळे तुमचं अर्धं कारण गोळे आणि अर्धं कारण पाऊस असणार.

आता अर्थाचं. हे वाद्य म्हणजे त्या देशाचा चेहराच आहे. पापुआ न्यू गिनीच्या राष्ट्रचिन्हात पॅराडाइज पक्षी बसलाय तो कुंडूवर आणि भाल्यावर. चिन्ह १९७१ चं, देश स्वतंत्र झाला १६ सप्टेंबर १९७५ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी ड्रम आला. आठशेच्या वर भाषा आहेत तिथे, डोंगर ओलांडला की भाषा बदलते, पण कुंडू बहुतेक सगळीकडे आहे, आकार आणि नक्षी बदलते एवढंच. सरकारी रेडिओच्या प्रांतातल्या सेवेचं नावसुद्धा कुंडू ठेवलं होतं.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. टोक पिसिन भाषेत, म्हणजे तिथली सगळ्यांची बोलीभाषा, वाद्य वाजतं याला क्राइ म्हणतात. माणूस रडतो ते पण क्राइ आणि पक्षी ओरडतो ते पण क्राइ. म्हणजे कुंडू वाजत नाही, कुंडू हाक मारतो असंच जवळजवळ.

मुलाला द्या की वाजवायला. हायलँडच्या सिंगसिंगला बायकांच्या हातात पण कुंडू असतो, ओळीने उभ्या राहून वाजवतात. पण सेपिकचं वेगळं असू शकतं, तिथे पुरुषांच्या घरात ठेवायच्या वस्तूंचे नियम कडक असतात, त्यामुळे तुमच्या त्या काकांनाच फोन करून विचारा, तेच बरोबर सांगतील.

---

फोंड्याचो_घुमटकार

ताईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी गोव्याचा, घरात तीन पिढ्या घुमट आहे. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एक तोंड मोठं आणि एक लहान, मोठ्या तोंडाला परंपरेने घोरपडीचं कातडं. चवथीला आरतीला घुमट, शामेळ (लहान ड्रम) आणि कांसाळें (झांजा) नसेल तर आमच्याकडे गणपती आला असं वाटतच नाही, आणि ख्रिस्ती बांधव मांडो गातात तिथे पण घुमटच. तर हजारो मैलांवरच्या बेटावर पण लोकांनी वाद्यासाठी घोरपडीच्याच कुळातलं कातडं निवडलं हे वाचून अंगावर काटा आला. ज्याने ते कातडं एकदा ऐकलंय त्याला कारण सांगायला नको, पातळ असतं पण चिवट, आणि बोटाच्या टोकाचा आवाज पण स्वच्छ येतो.

आता आमच्याकडे ते कातडं वापरत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आहे आणि ती बंदी बरोबरच आहे, घोरपडी संपल्या असत्या. म्हणून बकऱ्याचं कातडं आलं. आजोबांना तो आवाज शेवटपर्यंत पटला नाही, म्हणायचे हा घुमट बोलतो पण आमच्या घरातला वाटत नाही. पण माझ्या मुलाच्या कानाला बकऱ्याचाच आवाज घुमटाचा आवाज आहे, आणि २०१९ ला सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला तो याच बदललेल्या घुमटाला. कातडं बदललं तरी आरती थांबली नाही याचं मला समाधान आहे.

काळजी कशी घ्यायची ते सांगतो. गॅसवर, हीटरवर अजिबात धरू नका. लाए रिटर्न दादांनी शेकोटी सांगितली ते बरोबर, पण ते लोक लहानपणापासून करतात, त्यांच्या तळहाताला कळतं किती धग झाली ते. आपण केलं तर कातडं कडेला तडकणार, आणि एकदा तडा गेला की संपलं. सकाळचं कोवळं ऊन दहा मिनिटं द्या, तळहाताने कातडं चाचपत राहा, कोमट लागलं की बास. ओलं फडकं परत कधीच नाही, मऊ कोरडा ब्रश घ्या. मेण निघालंय ते जुनंच लावा, नवीन बाजारातली मेणबत्ती वापरू नका, ते मेण नसतं, खनिज तेलापासून काढलेलं पॅराफिन असतं, चिकटत पण नाही आणि सोलून निघतं. आणि टांगायचं असेल तर कातडं भिंतीकडे करू नका, पावसाळ्यात भिंत ओल धरते.

---

शाई_आणि_कणीक

मी तबला शिकतो, थोडंफार संगीत आणि समाज या विषयावर वाचतो, त्यातून दोन गोष्टी.

एक म्हणजे मेणाचे गोळे आणि आपल्या तबल्यावरची काळी शाई, काम एकच. पुडीच्या, म्हणजे ताणलेल्या कातड्याच्या मधे वजन वाढवलं की कातड्याचं कंपन बदलतं, आवाज खाली येतो आणि नुसता धप्प न राहता त्यातून सूर ऐकू यायला लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आपल्या तबला मृदंगावर हेच दाखवलं होतं, की शाईमुळे चर्मवाद्यातून तंतुवाद्यासारखे सुसंवादी स्वर निघतात. कुंडूच्या गोळ्यांनी तितकं काटेकोर होत नाही, शाई थरावर थर घासून बसवलेली असते, पण दिशा तीच. त्याहून जवळचं उदाहरण पखवाजाचं, धुमाच्या, म्हणजे डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात आणि नंतर खरवडून काढतात, कमी जास्त करतात. मुक्काम केर्न्स ताईंचे सात गोळे म्हणजे ती कणीक. ती कुणी घाण समजून पुसली तर पखवाज मुका होणार, तसंच झालंय.

दुसरी गोष्ट अर्थाची. ओशनियात, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांच्या प्रदेशात, चामड्याच्या ड्रमला एकच एक अर्थ आहे असं नाही, बेट बदललं की गोष्ट बदलते. न्यू गिनीच्याच पश्चिम अर्ध्या भागात, जो आता इंडोनेशियात आहे, तिथे अस्मत लोक आहेत, लाकूड कोरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांच्या गोष्टीत फुमेरिपित्स नावाचा आदिपुरुष एकटा होता, करमेना म्हणून त्याने झाडं तोडून माणसांच्या आकृत्या कोरल्या आणि घरात उभ्या केल्या. तरी करमेना, कारण त्या हलत नव्हत्या. मग त्याने ड्रम कोरला, कातडं ताणलं आणि वाजवायला लागला. ठेका धरला तसे लाकडाचे गुडघे, कोपरे कुरकुरत सुटे झाले, आकृत्या नाचायला लागल्या, आणि तेच पहिले अस्मत. म्हणजे लाकडातून माणूस कोरून भागत नाही, त्यात जीव ड्रमने येतो. त्यांच्याकडे कातडं चिकटवायला चुना आणि माणसाचं रक्त मिसळून वापरायचे, कुणाचं तरी रक्त त्या वाद्यात असायचं, अगदी खरोखरचं.

आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पापुआ न्यू गिनीतल्या बोसावी डोंगराजवळच्या कालुली लोकांची. स्टीव्हन फेल्ड नावाच्या अभ्यासकाने सत्तरच्या दशकात त्यांच्यात राहून लिहिलंय. जंगलात एक पक्षी आहे, तिबोदाइ म्हणतात ते, आणि कालुलींचा ड्रम त्याच पक्ष्याच्या आवाजात बोलतो असं ते मानतात. मेलेली माणसं पक्षी होतात अशी त्यांची समजूत. ड्रम बराच वेळ एकाच ठेक्यात चालू राहिला की ऐकणाऱ्याला त्यात हळूहळू शब्द ऐकू यायला लागतो, दोवो, दोवो, म्हणजे बाबा, बाबा. गेलेलं मूल बापाला हाक मारतंय. लाए रिटर्न यांनी क्राइ शब्द सांगितला तो वाचून मला हेच आठवलं. आपण पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतो आणि तो शिवेपर्यंत जेवत नाही, त्यामुळे हे मला परकं वाटलं नाही. नुसता ताल म्हणून ऐकलं तर या वाद्यातलं निम्मं पण कळत नाही.

न्यू गिनी सोडून पूर्वेला गेलं की ड्रम उभा राहतो. हवाईचा 'पाहू' नावाचा ड्रम नारळाच्या नाहीतर फणसाच्या कुळातल्या ब्रेडफ्रूटच्या खोडाचा, वर शार्कचं कातडं, जमिनीवर ठेवून हातांनी वाजवायचा, आधी देवळात आणि मग हुला नाचाला. त्यांच्या कथेत तो ताहितीहून लाआमाइकाहिकी नावाच्या सरदाराने होडीतून आणला. आणि न्यूझीलंडच्या माओरींकडे चामड्याचा ड्रमच नव्हता. त्यामुळे "ओशनियाचा ड्रम" असं सरसकट कुणी विकत असेल तर विचारावं, कुठल्या बेटाचा?

---

ब्रिस्बेनकर_७८

केर्न्सलाच आहात तर टोरेस स्ट्रेटच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या बेटांवरच्या लोकांना पण विचारा, तुमच्याकडे त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांचा वारुप नावाचा ड्रम कुंडूचा सख्खा भाऊच म्हणायचा, उघडं तोंड माशाच्या नाहीतर मगरीच्या जबड्यासारखं आ वासलेलं, खाली कॅसोवरी या मोठ्या पक्ष्याची पिसं. बरेचसे तर पापुआच्या किनाऱ्यावरून अदलाबदलीत आलेले असायचे. तिथे मिशनरी १८७१ ला आले आणि जुने विधी मागे पडत गेले, पण नाच आणि ड्रम टिकले, आज चर्चच्या सणाला पण वारुप वाजतो. १८९८ ला केंब्रिजहून मानववंशशास्त्रज्ञ हॅडन यांची मोहीम आली होती, त्यांनी तिथली गाणी मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्ड केली.

भारतात न्यायचा विचार सोडा ताई. वरानस म्हणजे घोरपडीचं पूर्ण कूळ साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, परवान्याशिवाय असं कातडं देशाबाहेर नेणं आणि आपल्याकडे आणणं दोन्हीकडे अडचण. कस्टमने काढून घेतलं तर परत मिळणार नाही. आणि समजा नेलंत, तर परत ऑस्ट्रेलियात आणताना बायोसिक्युरिटीला लाकूड आणि कातडं दोन्ही डिक्लेअर करावं लागेल. घरच्यांना व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवा.

---

मिरजेची_सून

ऑनलाइन असे ड्रम बघितलेत मी, शोपीस म्हणून छान दिसतात, हॉलमध्ये स्पॉटलाइटखाली मस्त वाटेल. इतका विचार का करताय?

---

लाए_रिटर्न

ताई, विकायला केलेले ड्रम वेगळे असतात, पोर्ट मोरेस्बीला एला बीचला हस्तकलेचा बाजार भरायचा तिथे मी पण दोन घेतलेत, त्यात वाईट काही नाही, कोरणाऱ्याचं घर त्यावर चालतं. पण वापरातला ड्रम हातात घेतला की कळतं. कानाच्या आतली बाजू घामाने काळी आणि गुळगुळीत झालेली असते, जिथे चार बोटं येतात तिथे लाकूड जरासं झिजलेलं असतं. मुक्काम केर्न्स, तुमच्या ड्रमचा कान बघा एकदा. वडिलांनी कोरलेला आहे म्हणजे त्यात त्या घराची नक्षी असणार, अशा खुणा तिथे आपल्या आडनावासारख्या असतात, दुसऱ्या घराने त्या न विचारता कोरायच्या नसतात. असा ड्रम तुम्हाला दिलाय याचा अर्थ त्यांनी तुम्हाला वनटॉक मानलंय. वनटॉक म्हणजे शब्दशः एका भाषेचा माणूस, आपला माणूस, ज्याच्या अडीअडचणीला धावून जायचं.

---

मुक्काम_केर्न्स

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस ड्युटी होती म्हणून उशीर झाला.

लाए रिटर्न दादा, तुमचं वाचलं आणि उठून कान बघितला. आतून काळा आहे, आरशासारखा गुळगुळीत, आणि माझी बोटं त्या खळग्यात बरोबर बसत नाहीत, त्यांचा हात मोठा असणार.

काल रात्री काकांना फोन लागला. त्यांच्या गावात रेंज कमी, चार वेळा तुटला. आधी माफी मागितली गोळे पुसले म्हणून, तर ते खूप वेळ हसले आणि म्हणाले त्यांच्या आईने पण एकदा असंच केलं होतं, आणि वडील तिला काही बोलले नाहीत, संध्याकाळी मेण आणून परत लावायला बसले. मग त्यांनी मला फोनवर लावायला सांगितलं. गोळी बोटात मळायची, कढत पाण्यात वगैरे टाकायची नाही, हाताच्या उबेनेच मऊ करायची. मधे एक, भोवती बाकीच्या, पण जागा ठरलेली नाही, वाजव आणि ऐक म्हणाले. मी स्पीकरवर ठेवून वाजवत होते आणि ते तिकडून नो, नो, थोडं डावीकडे, असं करत होते. घुमटकार दादा, सकाळी ऊन दिलं होतं तुम्ही सांगितलं तसं, दहा मिनिटं, हाताने बघत बघत. सातवी गोळी लावली आणि एकदम तो खोल आवाज आला, शेपटीसकट. तिकडे ते गप्प झाले. मला वाटलं परत फोन तुटला. मग म्हणाले, पापा.

शाई आणि कणीक, तुम्ही ते बाबा बाबा लिहिलं होतं ते मी तोपर्यंत वाचलं नव्हतं. आज वाचलं.

मुलाला द्यायचं का विचारलं तर म्हणाले नक्की दे, वाजवला नाही तर कातडं मरतं. फक्त जमिनीवर ठेवायचा नाही आणि त्यावरून कुणी ओलांडून जायचं नाही, त्यांच्या घरात तसं करत नाहीत. म्हटलं आमच्यात पण तबल्याला पाय लागला तर नमस्कार करतात. ब्रिस्बेनकर, कोल्हापूरला नेत नाहीये, व्हिडिओ कॉल करणार आहे, माझे मामा हलगी वाजवतात, ते म्हणाले तू तिकडून वाजव मी इकडून धरतो.

मिरजेच्या ताई, स्पॉटलाइट नको, दिव्याच्या उष्णतेने कातडं सुकेल. खिडकीपासून लांब, पुस्तकांच्या कपाटावर सुती कापडात ठेवलाय, मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

---

फोंड्याचो_घुमटकार

मामांच्या हलगीबरोबर वाजवाल तेव्हा रेकॉर्ड करून इथे टाका ताई. आणि ती सातवी गोळी नक्की कुठे बसली त्याचा एक फोटो काढून ठेवा, पुढच्या पावसाळ्यात लागेल.